पर कॅपिटा म्हणजे माणशी: आंजर्ल्याजवळच्या घरगुती मुक्कामाचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार देतेय, अर्धा का कापला ते पुढे येईलच. जागेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण घर चालवणाऱ्या मावशींनी हात जोडून सांगितलं की ताई लिहा हवं तेवढं पण नाव नंबर नको, मे महिन्यात फोन उचलून उचलून जीव जातो. हर्णै सोडून आंजर्ल्याकडे जाताना खाडीच्या आसपास जी चिऱ्यांची कौलारू घरं लागतात त्यातलंच एक. पुढे खळं, पडवीत झोपाळा, मागे विहीर आणि पाच मिनिटं चाललं की समुद्र.

आम्ही गेलो होतो चौदा जणं, दोन रात्री, मेच्या पहिल्या आठवड्यात. फिरायला म्हणून नाही, आजोबांनी घेतलेल्या हापूसच्या कलमांच्या बागेचं वाटप करायचं राहिलंय कित्येक वर्षं, त्यासाठी सगळे एकदा एकत्र बसू म्हणून. आमचं स्वतःचं घर आता राहण्यासारखं उरलेलं नाही, वाडीतच कुठेतरी सोय बघू म्हणून कोणीतरी हा पत्ता दिला. मी व्हॉट्सअपवर रेट विचारला तर एका वहीच्या कागदाचा फोटो आला, सुंदर अक्षरात लिहिलेलं, "राहणे, चहा, नाश्ता, दोन वेळचे शाकाहारी जेवण, पर कॅपिटा ११०० रुपये". मी अठरा वर्षं ज्युनिअर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवतेय, पर कॅपिटा हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल त्याचा हिशोब नाही, पण जेवणाच्या रेटला कोणी वापरलेला पहिल्यांदाच बघितला आणि खरं सांगते मला फार आनंद झाला. कारण शब्द अगदी बरोबर वापरलाय. लॅटिनमध्ये पर म्हणजे प्रत्येकी, मागे, आणि कॅपिटा म्हणजे डोकी. डोक्यामागे ११०० रुपये. याहून नीट कसा वापरणार?

लिहिणारी निघाली मावशींची मुलगी, दापोलीला कॉलेजला जाते, कॉमर्सला आहे. पहिल्याच संध्याकाळी ती पडवीत येऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, एकटा माणूस आला तर मग काय लिहायचं, पर कॅपिटाच?" मला हा प्रश्न इतका आवडला की चहा तसाच राहिला. कारण तिने बरोबर पकडलं होतं की कॅपिटा हे अनेकवचन आहे. एक डोकं म्हणजे कॅपुट, अनेक डोकी म्हणजे कॅपिटा, त्यामुळे शब्दशः पर कॅपिटाचा अर्थ होतो डोक्यांच्या हिशोबाने. काही लोक एकवचन धरून पर कॅपुट लिहितात, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेतीवाल्या संस्थेच्या, म्हणजे एफएओच्या, जुन्या तक्त्यांमध्ये धान्य माणशी किती मिळतं ते पर कॅपुट म्हणूनच दिलेलं असायचं. पण इंग्रजीत रुळलाय तो पर कॅपिटा, एकाला पण तोच आणि लाखाला पण तोच. तिला म्हटलं, काही बदलू नको.

आणि आपल्याकडे तर याला आयता शब्द आहे, दरडोई. दर म्हणजे प्रत्येक, दररोज, दरमहा, दरसाल यातला तोच दर, आणि डोई म्हणजे डोकं, डोईवरचा हंडा म्हणतो त्यातली डोई. लॅटिनवाल्यांनी जे केलं तेच मराठीने केलंय, डोकी मोजली. बोलताना मात्र आपण दरडोई म्हणत नाही, माणशी म्हणतो, आणि दरडोई बिचारा पेपरात आणि पाठ्यपुस्तकात अडकून बसलाय, त्याचं मला वाईट वाटतं कारण शब्द अस्सल घरातला आहे. माझी वर्गातली मुलं परीक्षेत सर्रास पर कॅपिटल इन्कम लिहितात, म्हणजे त्यांना वाटतं भांडवलामागे उत्पन्न, आणि चूक अगदीच निराधार आहे असंही नाही कारण कॅपिटल हा शब्द त्याच डोक्यातून निघालाय, कॅप्टनसुद्धा, कॅपिटेशन फी तर सरळसरळ डोक्यामागची फी, जिच्यावर आपल्या महाराष्ट्रात १९८७ मध्ये कायद्याने बंदी आली. पण अर्थ वेगळे ते वेगळेच, भांडवल ठेवा बाजूला, इथे भागायचंय ते माणसांनी. आणि कृपा करून पर कॅपिटा पर हेड किंवा दरडोई प्रत्येकी असं लिहू नका, एका डोक्याला दोन टोप्या कशाला.

आता जेवण. इथे मी हातचं काही राखून लिहिणार नाही, गेल्या काही वर्षांत कोकणात बाहेर इतकं चांगलं जेवलेले नाही. सकाळी घावन आणि गूळ घातलेलं नारळाचं दूध, दुसऱ्या दिवशी आंबोळ्या आणि मऊभात मेतकूट. दुपारी कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, ओल्या काजूची उसळ, काजू शेवटचेच होते पण मावशींनी आमच्यासाठी राखून ठेवले होते, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी तर इतकी ताजी की नारळाचा वास वाटीतून यायचा, आणि दुसऱ्या दुपारी सांगितल्याशिवाय उकडीचे मोदक. आमरस रोज. वाढताना हात सैल, परत विचारायला लागत नाही, आणि घरातले अण्णा स्वतः पंगतीत फिरून तूप वाढतात.

मावशी डोकी मोजत नाहीत हे तिथे माझ्या लक्षात आलं, त्या पानं मोजतात. "आज किती पानं?" हा त्यांचा सकाळचा पहिला प्रश्न. आपल्याकडे लग्नामुंजीत दोनशे पान उठलं म्हणतात तसं. आणि डोकं आणि पान एकच नाही हो. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही दिवस ती जवळजवळ पेज आणि मऊ भातावरच होती. बिल आलं तेव्हा मी मनात हिशोब करून बसले होते, बारा पूर्ण, आठ वर्षांचा भाचा अर्धा, तीन वर्षांची फुकट, म्हणजे साडेबारा गुणिले ११००, दिवसाचे १३,७५० आणि दोन दिवसांचे २७,५००. कागदावर होते २७,१००. मी म्हटलं मावशी चुकलंय. तर म्हणाल्या, "चुकलं नाय ताई. झोपायला डोकं एक धरलं, पण आईंचं पान अर्धंच होतं, दिवसाला दोनशे कमी केले." मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलेय की आकडा कशाने भागलाय ते आधी विचारा, भाजक काय आहे, आणि ही बाई चुलीपुढे बसून एका बिलात दोन भाजक वापरत होती, खोलीला डोकी आणि जेवणाला पानं. मला ते चारशे रुपये महत्त्वाचे नाहीत, तो विचार महत्त्वाचा वाटला. रेशनला पण हे दोन हिशोब आहेत बघा, अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य आणि अंत्योदयवाल्याला कार्डामागे ३५ किलो, मग घरात दोघं असोत की सात. सात जणांच्या घराला दोन्हीकडून ३५ च येतात, दोघांच्या घराला मात्र एकीकडे १० आणि दुसरीकडे ३५. पर कॅपिटा आणि कुटुंबामागे यात जमीनअस्मानाचा फरक पडतो तो असा.

माशांचं मात्र नीट वाचा, अर्धा स्टार इथेच गेला. कागदावर शाकाहारी जेवण लिहिलेलं होतं पण फोनवर जे बोलणं झालं त्यातून आमच्या दादाचा समज झाला की एक वेळ मासे त्यातच आहेत, आणि पहिल्या रात्री थोडी नाराजी झाली. मासे वेगळे, अण्णा संध्याकाळी हर्णै बंदरावरच्या लिलावातून आणतात आणि जेवढ्याला आणले तेवढेच लावतात, वर करणावळ घेत नाहीत. आमचे झाले ३१५०. दादा म्हणाला भागा चौदाने, सव्वादोनशे येतात. मी म्हटलं का म्हणून, आत्या माळकरी, आई खात नाही, दोन लहान मुलं, माझी धाकटी बहीण शाकाहारी, खाणारे नऊ, तर नऊने भागायचं, ३५० माणशी. दिलं सगळ्यांनी. पण फोनवर हे स्पष्ट सांगायला हवं होतं एवढं माझं म्हणणं, आणि मावशींना तसं सांगूनही आले.

बाकी सोयींबद्दल थोडक्यात, तीन खोल्या आणि वर एक हॉल, गाद्या स्वच्छ, मच्छरदाण्या आहेत आणि लागतात. एकच बाथरूम आत, दोन बाहेर पडवीला लागून. गरम पाण्याला बंब. नेटवर्क जवळपास नाही, समुद्राकडे चालत गेलं की येतं. मोठी गाडी घेऊन जाऊ नका, आमची ट्रॅव्हलर वळवताना ड्रायव्हरला अर्धा तास लागला आणि शेजाऱ्यांचं कुंपण थोडक्यात वाचलं.

पाण्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण हे मी आधी कुठल्याच होमस्टेत बघितलं नव्हतं. बाथरूमच्या दारावर खडूने लिहिलेलं, "माणशी ५५ लिटर धरले आहे, जपून". अण्णा पूर्वी गावच्या पाणी समितीवर होते. जलजीवन मिशनमध्ये गावाला दरडोई दिवसाला ५५ लिटर हाच आकडा धरतात, शहराच्या योजनेला साधारण १३५. इंजिनिअर लोक त्याला एलपीसीडी म्हणतात, लिटर पर कॅपिटा पर डे, आणि अण्णा पण तसंच म्हणतात, सहज, सुरमई पापलेट म्हणावं तसं. त्यांनी खळ्यात बसून मला जे सांगितलं ते माझ्या कुठल्याही पुस्तकात इतकं स्वच्छ लिहिलेलं नाही. म्हणाले, समजा गावात बाराशे डोकी, पंचावन्नने गुणा, ६६ हजार लिटर, तेवढी सोय केली. कागदावर गाव सुखी. मग शनिवारी सहाशे पर्यटक आले, पाणी तेवढंच, डोकी अठराशे, माणशी ३६-३७ लिटर. आणि पर्यटक काही ३६ लिटरवर थांबत नाही, तो समुद्रात डुंबून येतो आणि दोन वेळा आंघोळ करतो, म्हणजे जे कमी पडतं ते गावातल्याच बाईच्या हंड्यात कमी पडतं. "तरी कागदावर पंचावन्नच हो ताई. कोणाची डोकी धरली ते कागद सांगत नाय."

हे ऐकल्यावर आम्ही चौदा जणांनी बादलीने आंघोळी केल्या, मुलांनीसुद्धा कुरकूर केली नाही.

आणि कोकणात हा डोक्यांचा प्रश्न नेहमीचाच आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६ लाख ९७ हजारांच्या आसपास होती, २०११ ला ती १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गही ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर. राज्यात एकूण माणसं वाढत असताना आमच्याकडे कमी झाली, कारण तरुण माणूस मुंबईला. आता दरडोई उत्पन्न काढताना वर जिल्ह्याचं उत्पन्न आणि खाली जिल्ह्यातली डोकी. डोकी कमी झाली की एकही आंबा जास्त न पिकता दरडोई आकडा वर सरकतो. आणि मुंबईला गेलेला मुलगा जे कमावतो ते मुंबईच्या खात्यात, त्याने घरी पाठवलेल्या पैशावर इथली चूल पेटते पण जिल्ह्याच्या उत्पन्नात ते धरलेलं नसतं. म्हणजे आकडा खोटा नाही पण तो घरात डोकावत नाही. दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानातल्या माणसाचं उत्पन्न वर्षाला डोक्यामागे २० रुपये काढलं होतं, १८६७-६८ सालासाठी, तेव्हा ते तिथेच थांबले नाहीत, तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्याकपड्याला किती खर्च येतो त्याच्याशी ताडून बघितलं. मला दरवर्षी हे शिकवताना अंगावर काटा येतो. नुसता भागाकार कोणीही करेल, आलेला आकडा कशाशेजारी ठेवायचा ते कळायला माणूस लागतो.

आता ज्यासाठी गेलो होतो ते, कारण पर कॅपिटा तिथेपण आडवा आला आणि ही जागा नसती तर आमची भांडणं झाली असती असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळे पडवीत बसलो. बाग आजोबांची स्वकष्टाची, चाळीस कलमं. आजोबांच्या मागे हयात थोरले काका, धाकटे काका आणि आत्या. माझे बाबा आजोबांच्या आधीच गेले, आजी तर त्याच्याही आधी, त्यामुळे बाबांच्या बाजूने आई, दादा, मी आणि बहीण. आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नाही. दादाने समुद्रावर जाऊन मोबाईलवर वाचून आणलं होतं की हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम १९, वारस एकत्र आले तर वाटा पर कॅपिटा घ्यायचा, पर स्टर्पीस नाही. म्हणजे डोक्यामागे, मग डोकी सात, बागेचे सात भाग, आणि आमच्या घरात त्यातले चार. काकांचे चेहरे पडले.

कलम दादाने बरोबर वाचलं होतं, अर्धंच वाचलं होतं. पर कॅपिटा हा शब्द इंग्रजीत आकडेवारीच्या आधी वारसाहक्काच्याच भाषेत आलाय, सतराव्या शतकात, आणि त्याचा जोडीदार पर स्टर्पीस. स्टर्प्स म्हणजे लॅटिनमध्ये झाडाचं खोड, बुंधा. एक हिशोब डोक्यांचा आणि दुसरा बुंध्यांचा, शाखांचा. आणि कलम १९ मधला पर कॅपिटाचा भाग सुरूच होतो तो या कायद्यात वेगळं सांगितलं नसेल तर या अटीने, आणि वेगळं सांगितलंय कलम १० मध्ये, आधी वारलेल्या मुलाच्या शाखेतल्या सगळ्या वारसांना मिळून एक वाटा. मी पडवीत कोळशाने जमिनीवर झाड काढलं, एक बुंधा, चार फांद्या. दोन काका, आत्या आणि बाबा. प्रत्येक फांदीला दहा कलमं. बाबांच्या फांदीवर आम्ही चौघं, आईला धरून, सारखे वाटे, म्हणजे अडीच अडीच कलमं. सातने भागलं असतं तर आम्हाला चौघांना मिळून तेवीसच्या आसपास आली असती. तेरा कलमं जास्त. मोह होतो, खोटं कशाला बोलू, हापूसची फळ धरणारी कलमं आहेत. पण ती आमची नव्हती. दादा दोन मिनिटं गप्प राहिला आणि मग म्हणाला, "काका, दहाच धरा आमची." धाकटे काका उठून आत गेले, डोळे पुसायला गेले असणार. अण्णा लांबून ऐकत होते, ते म्हणाले कलमांच्या बागेत डोकी नाय मोजत, बुंधेच मोजतात.

पुढचं वकिलाकडे होईल रीतसर, नोंदी, सातबारा, मोजणी, ते काम वर्षभर चालेल. आपापलं वाटप करणाऱ्यांनी पण वकिलालाच विचारा, वडिलोपार्जित जमीन असली तर हिशोब वेगळा लागतो.

निघताना मुलीने नवीन रेटचा कागद दाखवला. "राहणे आणि चहा, पर कॅपिटा. जेवण, पानामागे. मासे, खाणाऱ्यांमागे, बंदरावरच्या भावाने." प्रत्येक ओळीपुढे आकडा, आणि खाली मराठीत, पर कॅपिटा म्हणजे माणशी. माझा कापलेला अर्धा स्टार तिने तिथेच भरून काढला खरंतर, पण आम्हाला आला तो अनुभव आमचा, म्हणून साडेचारच ठेवतेय.

जाणार असाल तर ऑक्टोबर ते मे. फोन संध्याकाळी सातनंतरच, नंबर वाडीत कोणीही देईल. किती जण ते नुसतं सांगू नका, मोठी किती, लहान किती, मासे खाणारे किती, पथ्याचं कोणी आहे का ते सगळं सांगा, त्या वहीत तसंच लिहून घेतात. पावसात बंद असतं. गणपतीत विचारूच नका, तेव्हा मुंबईहून त्यांचीच सगळी येतात, घरात चाळीस पानं असतात.